वीस मण्यांची माळ: प्रथिनाला चिकटणारं पेप्टाइड शोधतात कसं आणि चिकटलेलं पाहतात कसं

काकांचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा काकूंच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात एक खोका असायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. आठवड्यातून दोनदा त्यातली एक सिरिंज बर्फाच्या पिशवीसोबत स्टीलच्या डब्यात बसून सेंटरवर जायची. ‘रक्त वाढायचं इंजेक्शन’ हे तिचं घरातलं नाव. लाइट गेली की काकूंना आधी त्या खोक्याची काळजी, मग बाकीच्या घराची. एकदा त्या मला म्हणाल्या, “तू एवढं बायोकेमिस्ट्री शिकवतोस, याचं काहीतरी साधंसुधं, लहानसं औषध का करत नाहीत रे?”

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांब आहे. शिवाय ‘करत नाहीत’ हेही पूर्ण खरं नाही. एकदा केलं होतं.

त्या सिरिंजमध्ये असतं एरिथ्रोपोएटिन, डॉक्टरांच्या बोलीत ईपीओ. एरवी ते आपलं मूत्रपिंडच बनवतं. रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोचून तिथल्या पेशींना ते सांगतं, तांबड्या पेशी वाढवा. किडनी बसली की हा निरोप थांबतो आणि हिमोग्लोबिन घसरत जातं. ईपीओ म्हणजे १६५ अमिनो आम्लांची माळ. ती स्वतःभोवती गुंडाळून तिची एक ठरावीक गाठोडी होते आणि वर साखरेचे फांटेही लागलेले असतात. १९७७ मध्ये शिकागोच्या युजीन गोल्डवॉसर यांच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आलं. त्यासाठी ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे मज्जा पुरेसं रक्त बनवत नाही अशा आजाराच्या, रुग्णांची २५५० लिटर लघवी लागली होती. जपानमध्ये ती जमवणारे ताकाजी मियाके त्या कामातले पहिले नाव आहेत. पुढे त्याचं जनुक सापडलं, हॅमस्टरच्या पेशींत ते बसवून प्रथिन बनवता येऊ लागलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

एवढं मोठं आणि घडी घातलेलं रेणूचं गाठोडं उष्णतेने उलगडतं, म्हणून बर्फ. पोटात गेलं तर वरणातल्या डाळीसारखं पचून जातं, म्हणून सुई.

पण हे सगळं गाठोडं खरोखर लागतं का?

मज्जेतल्या पेशींच्या पृष्ठभागावर ईपीओचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी प्रथिनं असतात. प्रत्येकाचं डोकं पेशीबाहेर आणि शेपूट आत. शेपटीला जॅक-२ नावाचं एक एन्झाइम बिलगलेलं असतं. एका हाताने टाळी वाजत नाही, तसंच हे. दोन रिसेप्टर शेजारी येऊन नीट समोरासमोर बसले तरच त्यांच्या शेपटांवरचे दोन जॅक-२ एकमेकांना चालू करतात, आणि मग निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. ईपीओचं काम मध्ये उभं राहून एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरा रिसेप्टर धरायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यावर सर्वसाधारण मत असं होतं, की दोन प्रथिनं जिथे भेटतात तो पृष्ठभाग रुंद आणि सपाट असतो, तिथे लहान रेणूला बोट टेकवायलाही जागा नाही. एन्झाइमला खोबण असते, तिथे लहान औषध जाऊन बसतं. इथे तर तळहातावर तळहात. मग १९९५ मध्ये जेनेन्टेक या औषध कंपनीच्या टिम क्लॅक्सन आणि जेम्स वेल्स यांनी मानवी वाढ-संप्रेरक आणि त्याच्या रिसेप्टरच्या जोडीवर एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिलं. स्पर्श तिसेक ठिकाणी होत होता, पण पकडीचा जोर मोजक्याच जागांवर एकवटलेला निघाला. बाकीचे मणी नुसते शेजारी उभे. म्हणजे त्या मोजक्या जागा गाठल्या, तर छोट्या माळेलाही आशा होती.

छोट्या माळेला पेप्टाइड म्हणतात. पेप्टाइड आणि प्रथिन यांच्यात काटेकोर सीमा नाही. साधारण ४०-५० मण्यांच्या आतलं ते पेप्टाइड, असं आम्ही वर्गात सांगतो आणि कुणी हटकलं तर हसून सोडून देतो.

आता नेमकी कोणती माळ? मणी वीस प्रकारचे. सात मण्यांची माळ ओवायची तर २० चा सातवा घात, म्हणजे १२८ कोटी वेगवेगळ्या माळा. आठ मणी केले की २५६० कोटी. दहा केले की १० लाख २४ हजार कोटी. एकेक बनवून तपासायची तर मानवजात संपेल. आणि समजा सगळ्या एकाच परीक्षानळीत बनवल्या, त्यातली एक चिकटली, तरी चिकटलेली कोणती हे ओळखायचं कसं? तिचे इतके थोडे रेणू हातात येणार की ते वाचताही येणार नाहीत.

इथे १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी केलेली युक्ती कामाला आली. मला जीवशास्त्रातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत देखणी वाटते, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

जिवाणूंना ग्रासणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. त्यातला एम-१३ हा फेज दिसायला उदबत्तीसारखा, किंबहुना त्याहून सडपातळ: सुमारे ९०० नॅनोमीटर लांब आणि सहा-सात नॅनोमीटर जाड. अंगभर एकाच प्रथिनाच्या सुमारे २७०० प्रती खवल्यांसारख्या बसवलेल्या. एका टोकाला मात्र वेगळं प्रथिन, पी-३, त्याच्या फार तर पाच प्रती. आणि आत, पोकळीत, या सगळ्याची कृती लिहिलेला डीएनए. स्मिथ यांनी पी-३ च्या जनुकात परका डीएनएचा तुकडा घुसवला. नवा फेज तयार झाला तेव्हा त्या तुकड्यात लिहिलेलं पेप्टाइड टोकावर बाहेर लटकत होतं आणि फेज तरीही जिवाणूला ग्रासू शकत होता.

यातली मेख अशी, की बाहेर माळ आणि आत त्याच माळेची कृती, दोन्ही एकाच उदबत्तीत बांधलेल्या. माळ चिकटली की कृतीही हातात येते. शिवाय फेज जिवाणूंत सोडला की रातोरात त्याच्या अब्जावधी प्रती होतात. वाचायला पुरेसा माल नाही ही अडचण तिथेच संपली. १९९० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी असे कोट्यवधी प्रकारचे फेज एका नळीत भरून पेप्टाइडांच्या ‘लायब्ररी’ बनवल्या. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना मिळून मिळाला. विंटर यांनी हीच युक्ती प्रतिपिंडांसाठी वापरली होती.

पुढची पायरी सराफ बाजारात वाढलेल्यांना समजवावी लागणार नाही. सोनाराच्या दुकानासमोरची माती, गटारातला गाळ गोळा करून झारेकरी तो पाण्यात धूत बसतात. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. पुन्हा धुवायचं, पुन्हा. शेवटी चिमूटभर सोनं. इंग्रजीतही या कामाचं नाव सोनं धुण्यावरूनच पडलेलं आहे: पॅनिंग.

प्रयोगशाळेत ते असं होतं. प्लास्टिकच्या थाळीच्या तळाला लक्ष्य-प्रथिन चिकटवायचं, म्हणजे आपल्या गोष्टीत ईपीओच्या रिसेप्टरचं पेशीबाहेर डोकावणारं डोकं. रिकामी राहिलेली जागा दुधातल्या केसिनने किंवा तशाच एखाद्या प्रथिनाने भरून टाकायची. मग लायब्ररी ओतायची, अब्जावधी फेज एकदम. तासभर हलवत ठेवायचं आणि थोडा साबण घातलेल्या पाण्याने धुवायचं. सात-आठ वेळा, कधी दहा. जे सैल धरून होते ते बेसिनमध्ये गेले. उरलेल्यांना आम्लाने सोडवायचं (पीएच २.२ च्या आसपासचं ग्लायसिन, फेजला ते सोसतं), लगेच आम्ल शमवायचं आणि ते मूठभर फेज जिवाणूंत वाढवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच, पण धुणं जास्त कडक आणि थाळीवर प्रथिन कमी. तीन ते पाच फेऱ्यांनंतर डीएनए वाचायचा.

हे वाचताना सोपं वाटतं. हात घातला की कळतं, चाळणीला आपल्या मनातलं काही कळत नाही. तुम्ही ‘रिसेप्टरला चिकटणारा’ मागता, ती ‘धुऊन न गेलेला’ देते. या दोन्हींत खूप अंतर आहे. रिसेप्टरऐवजी थाळीच्या प्लास्टिकलाच घट्ट धरणारी पेप्टाइडं असतात, त्यांत ट्रिप्टोफॅनसारखे तेलकट, चपटे मणी जास्त दिसतात. लक्ष्य थाळीवर बसवायला स्ट्रेप्टॅव्हिडिन हे डिंकासारखं धरून ठेवणारं प्रथिन वापरलं असेल, तर हिस्टिडिन-प्रोलिन-ग्लुटामिन या तीन मण्यांचा तुकडा हमखास उगवतो, कारण तो स्ट्रेप्टॅव्हिडिनलाच चिकटतो. आणि सर्वांत कावेबाज प्रकार म्हणजे कशालाच न चिकटणारा, पण भराभर वाढणारा फेज. बाजारात मिळणाऱ्या सात मण्यांच्या एका लायब्ररीतलं एच-ए-आय-वाय-पी-आर-एच हे पेप्टाइड वेगवेगळ्या प्रयोगांत वर यायचं. २००८ मध्ये उलगडा झाला: त्या फेजच्या डीएनएमध्ये दुसरीकडेच एक बदल होता, त्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढत होता. फेऱ्या जितक्या जास्त, तितका तो पुढे. पोहण्याच्या शर्यतीत काठाने धावत जाऊन पहिला आलेला गडी.

म्हणून अनुभवी लोक लक्ष्य न लावलेल्या थाळीवर लायब्ररी आधी फिरवून घेतात, आणि शेवटी सापडलेलं पेप्टाइड फेजपासून सुटं, रसायनांनी बनवून पुन्हा तपासतात. एखाद्या प्रबंधात फेजवरचाच आकडा देऊन काम संपवलेलं दिसलं की मी पुढचं पान जरा संशयानेच उलटतो.

आता ईपीओकडे. कॅलिफोर्नियात पालो अल्टोला ॲफिमॅक्स संशोधन संस्था होती. तिथे निकोलस राइटन आणि सहकाऱ्यांनी रिसेप्टरवर अशा लायब्ररी चालवल्या. माळेत दोन सिस्टीन मुद्दाम ठेवले होते. सिस्टीनच्या टोकाला गंधक असतं आणि दोन गंधक जवळ आले की एकमेकांना धरतात, माळेचं कडं होतं. सुटी माळ पाण्यात सतत वळवळत असते, चिकटताना तिला ती सगळी मोकळीक सोडावी लागते आणि त्याची किंमत पकडीतून वसूल होते. कडं आधीच बांधलेलं असेल तर ती किंमत कमी पडते. सुरुवातीला हाती आलेलं पेप्टाइड दुबळं होतं. त्याच्याच आसपासचे मणी बदलून नव्या लायब्ररी केल्या, पुन्हा धुतल्या. हळूहळू एक नमुना दिसू लागला. चौदा जागा, त्यांपैकी आठ ठाम आणि बाकीच्या बऱ्यापैकी मोकळ्या:

टायरोसिन, काहीही, सिस्टीन, काहीही, काहीही, ग्लायसिन, प्रोलिन, काहीही, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, काहीही, सिस्टीन, काहीही, प्रोलिन.

बरेचसे वेगवेगळे फेज स्वतंत्रपणे एकाच नमुन्यावर येऊन थांबले, की समजायचं इथे काहीतरी आहे. गर्दी एकाच देवळाकडे चालली असेल तर आत मूर्ती असणार.

यातल्या वीस मण्यांच्या एका पेप्टाइडचं नाव ईएमपी-१. त्याची पकड सुमारे २०० नॅनोमोलर. हा आकडा असा वाचायचा: पेप्टाइडचं प्रमाण एवढं असताना निम्मे रिसेप्टर भरलेले आणि निम्मे रिकामे. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. ईपीओच्या मानाने २०० नॅनोमोलर बरंच ढिलं आहे. पण १९९६ मध्ये जाहीर झालेली खरी बातमी वेगळीच होती. हे पेप्टाइड नुसतं चिकटत नव्हतं, ते रिसेप्टर चालू करत होतं. पेशींना ते ईपीओच वाटत होतं. उंदरांमध्येसुद्धा तांबड्या पेशी बनवण्याला जोर आला. आणि गंमत म्हणजे ईपीओच्या १६५ मण्यांमध्ये हा नमुना कुठेही नाही. म्हणजे ही ईपीओची छोटी प्रत नव्हती. बापाचं नाक नाही, आईचे डोळे नाहीत, तरी घरात शिरून थेट स्वयंपाकघरात जाणारा पाहुणा.

हे कसं काय? चाळणी याचं उत्तर देऊ शकत नाही. तिला ‘कोण’ माहीत असतं, ‘कुठे’ आणि ‘कसं’ माहीत नसतं. थोडंफार अप्रत्यक्ष कळतं. पेप्टाइडचा एकेक मणी काढून तिथे ॲलनिन हा अगदी साधा, बाजूला जेमतेम एक कार्बन लटकणारा मणी घालायचा आणि पकड मोजायची. ईएमपी-१ मध्ये चौथ्या जागेचा टायरोसिन आणि तेराव्या जागेचा ट्रिप्टोफॅन यांच्यावाचून काम अडतं, हे अशा कामातून दिसलं. पकड मोजायची यंत्रंही आहेत. एका पद्धतीत सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर लक्ष्य बसवून वरून पेप्टाइडचं पाणी वाहतं ठेवतात, आणि परावर्तित प्रकाशाच्या कोनावरून किती चिकटलं, किती सुटलं याचा आलेख पडद्यावर चढत-उतरत जातो. मला त्यातला उतार जास्त बोलका वाटतो. चढ सगळ्यांचाच झपकन होतो, सुटायला किती वेळ लागतो त्यावर औषधाचं नशीब बरंच अवलंबून.

पण डोळ्यांनी पाहायचं तर स्फटिक हवा.

लायब्ररीच्या कामात झारेकऱ्याची चिकाटी लागते, स्फटिकाच्या कामात विरजण लावणाऱ्या बाईची. सगळं तेच, तरी एक दिवस लागतं आणि एक दिवस नाही. प्रथिन आणि पेप्टाइड एकत्र करून त्याचा मोहरीएवढा थेंब काचेच्या चकतीवर ठेवायचा. चकती उलटी करून एका छोट्या वाटीवर ग्रीस लावून बसवायची, वाटीत मिठाचं किंवा पॉलिमरचं दाट द्रावण. थेंबातलं पाणी वाफेवाटे सावकाश वाटीकडे जातं, थेंब दाट होत जातो, आणि नशीब असेल तर रेणू एकावर एक शिस्तीत रचले जाऊन स्फटिक धरतो. नशीब नसेल तर थेंबात साय धरते. शेकडो वाट्या लावायच्या, मिठं बदलायची, तापमान बदलायचं, रोज सूक्ष्मदर्शकातून डोकवायचं. अनेकदा झगझगीत स्फटिक दिसतो, आनंदाने सगळ्यांना बोलावलं जातं आणि तो मिठाचा निघतो.

खरा स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडतात. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी असते, त्यामुळे रांगेत उभ्या रेणूंवरून विखुरताना ते ठिपक्यांची एक रांगोळी पाडतात. तिच्यावरून उलटं गणित करत इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे दाट, कुठे विरळ, याचा नकाशा काढतात आणि त्या ढगात अमिनो आम्लांची माळ बसवतात. भारतात इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी उभारलेली किरणवाहिनी याच कामाची आहे. स्फटिक धरतच नसेल, तर चुंबकीय अनुनादाचा रस्ता आहे. त्यात प्रथिनाच्या जवळजवळ प्रत्येक मण्याचा एक ठिपका उमटतो आणि पेप्टाइड घातल्यावर ज्या मण्यांचे ठिपके जागचे हलतात, पेप्टाइड त्यांच्याच आसपास बसलं असं धरता येतं.

ईएमपी-१ आणि रिसेप्टर यांचा स्फटिक ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत इयन विल्सन यांच्या गटात सोडवला गेला. पहिलं नाव ओडेड लिवनाह यांचं. बारकावा २.८ अँगस्ट्रॉम. दोन कार्बनांमधलं अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे या चित्रात सुटे अणू दिसत नाहीत. मण्यांचे आकार दिसतात, चपटं कडं असलेला ट्रिप्टोफॅन ओळखू येतो, हायड्रोजन दिसण्याचा प्रश्नच नाही. धुकं उतरलेल्या घाटात पुढच्या एसटीचे दिवे आणि आकार दिसावा, पाटी वाचता येऊ नये, असं काहीसं.

आणि धुक्यात माणसाला हवं ते दिसतं. पेप्टाइड तिथे असणार हे मनात धरून बसलं की प्रत्येक ढगात पेप्टाइड दिसायला लागतं. त्यावरचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे पेप्टाइड मॉडेलमधून पूर्ण काढून टाकायचं, नकाशा पुन्हा मोजायचा आणि रिकाम्या जागी ढग आपोआप उमटतो का ते बघायचं. उमटला तर ते खरं. विद्यार्थ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काढून बघितलंस का?

तर तिथे काय दिसलं? ईएमपी-१ ची माळ मधोमध वळून अंबाड्यात खोचायच्या आकड्यासारखी दुमडलेली होती. वळणावर ग्लायसिन आणि प्रोलिन, म्हणजे नमुन्यात ठाम असलेले तेच मणी. ग्लायसिन वाकायला मोकळा, प्रोलिन मुळातच वाकडा. दोन सिस्टीनांचा गंधकी पूल आकड्याचे दोन पाय एकत्र बांधून ठेवत होता. शिवाय आकडा एक नव्हता. असे दोन आकडे पाठीला पाठ लावून जोडीने उभे होते, आणि त्या जोडीने दोन्ही बाजूंना एकेक रिसेप्टर धरला होता. दुबळ्या पकडीचं पेप्टाइड टाळी कसं वाजवतं, याचं उत्तर इथे मिळालं: ते स्वतःच जोडीने येतं.

रिसेप्टरच्या बाजूने सर्वांत मोठा हातभार ९३ व्या जागेवरच्या फेनिलॲलनिनचा. १९९८ मध्ये खुद्द ईपीओ आणि रिसेप्टरची जोडी स्फटिकात पकडली गेली, तेव्हा ईपीओसुद्धा त्याच फेनिलॲलनिनवर टेकलेलं दिसलं. ईपीओ म्हणजे चार जाड वेटोळ्यांची मोळी, पेप्टाइड म्हणजे चपटा आकडा. घडण पूर्ण वेगळी, पण दोघांनी हात ठेवायला जागा तीच निवडली. एक मात्र फरक: ईपीओ दोन रिसेप्टरांना सुमारे १२० अंशांच्या कोनात धरतं, आणि पेप्टाइडांची जोडी त्यांना जवळजवळ १८० अंशांत, आरशातल्यासारखं समोरासमोर उभं करते. तरीही दोन्ही चालतात.

मग कुठलाही कोन चालतो का? विल्सन यांच्याच गटाने १९९८ मध्ये पाहिलेल्या एका पेप्टाइडमुळे हा प्रश्न सुटला, किंवा खरं तर अधिक अवघड झाला. ईएमपी-१ च्या चौथ्या टायरोसिनवर ब्रोमीनचे दोन अणू बसवले. बाकी काहीही बदललं नाही. या पेप्टाइडचं नाव ईएमपी-३३. ते रिसेप्टरला चिकटतं. दोन रिसेप्टरांना एकत्रही आणतं. स्फटिकात सगळं जवळपास तसंच दिसतं, फक्त दोन रिसेप्टरांमधला कोन सुमारे १५ अंशांनी फिरलेला. आणि पेशी ढिम्म. निरोप जातच नाही.

मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. तोवर समज अशी होती, की दोघांना एकत्र आणलं की काम झालं. इथे दोघं एकत्र आले, हातही पुढे केले, पण तळहात तळहातावर पडला नाही. पकड मोजून हा फरक कळला नसता. फेजच्या चाळणीला तर नाहीच. हल्ली संगणकावर प्रथिनांची घडी सांगणारी, नवीन चिकटणारी पेप्टाइडं थेट आखून देणारी साधनं आली आहेत आणि ती खरोखर कामाची आहेत. पूर्वी लायब्ररीत महिने जायचे तिथे आता काही दिवसांत उमेदवार मिळतात. पण ‘चिकटेल’ आणि ‘काम करेल’ यांच्यामध्ये एखादा असा कोन दडलेला असतो, तो पेशींवर घातल्याशिवाय कळत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं राहिलं. पेप्टाइडचं औषध करायचं तर आणखी एक भिंत असते. एवढा लहान रेणू रक्तात गेला की एन्झाइमं त्याचे तुकडे करतात आणि मूत्रपिंड त्याला काही मिनिटांत गाळून टाकतं. ॲफिमॅक्सने ईएमपी-१ च्या वंशातली दोन पेप्टाइडं रासायनिक धाग्याने कायमची जोडली, कारण स्फटिकानेच सांगितलं होतं की ती जोडीने काम करतात. त्या जोडीला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांबलचक शेपटी लावली. तिने पेप्टाइड भलंमोठं झालं आणि गाळणीतून सुटलं. औषधाचं नाव पेजिनेसाटाइड. महिन्यातून एक इंजेक्शन. ईपीओशी त्याचा काडीचा सारखेपणा नाही, याचा एक सुंदर फायदा २००९ मध्ये दिसला: इंजेक्शनच्या ईपीओविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं बनवल्यामुळे तांबड्या पेशी बनणंच थांबलेले जे रुग्ण होते, त्यांना हे दिलं. प्रतिपिंडांना ते ओळखू आलं नाही, आणि बहुतेकांना रक्त चढवण्याची गरज उरली नाही.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या प्रौढ रुग्णांसाठी परवानगी मिळाली. वर्षभरात २५ हजारांहून जास्त लोकांना ते दिलं गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते परत मागवण्यात आलं. सुमारे ०.२ टक्के रुग्णांना ॲलर्जीची प्रतिक्रिया आली होती आणि पहिल्याच डोसनंतर सुमारे ०.०२ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन रुग्ण दगावले होते. चाचण्यांमध्ये सहभागी लोकांची संख्या अशी असते, की दहा हजारांत दोन तिथे दिसतीलच असं नाही. औषध पुन्हा बाजारात आलं नाही.

त्याच चाळणीतून त्याच संस्थेत निघालेल्या दुसऱ्या एका पेप्टाइडचं मात्र नशीब चांगलं निघालं. प्लेटलेट वाढवणाऱ्या थ्रॉम्बोपोएटिनच्या रिसेप्टरला धरणारं ते चौदा मण्यांचं पेप्टाइड प्रतिपिंडाच्या बुंध्याला जोडून रोमिप्लोस्टिम तयार झालं. २००८ पासून ते आयटीपीच्या, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं अशा आजाराच्या, रुग्णांना दिलं जातं. तेही इंजेक्शनच आहे, आणि फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे डबा काही सुटला नाही.”

ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जावं, फोनवरही उघडतं आणि पैसे पडत नाहीत. १ईबीपी हा क्रमांक टाकला की ईएमपी-१ आणि रिसेप्टर दिसतील, बोटाने फिरवता येतील. मग दुसऱ्या खिडकीत १ईबीए उघडा, ते ईएमपी-३३. दोन्ही एकाच बाजूने धरून बघा. पहिल्यांदा काहीच फरक दिसणार नाही. पेप्टाइडच्या चौथ्या मण्यावरचे दोन ब्रोमीन आधी शोधा, मग नजर हळूहळू बाहेर, रिसेप्टरांच्या टोकांकडे न्या.